हिरासिंग आडे यांची चाळीस अनेकवचनं

महागावच्या पंचायत समितीत हिरासिंग आडे यांनी चौतीस वर्षं नोकरी केली आणि त्या चौतीस वर्षांत कोणाचाही कागद पहिल्या खेपेला पुढे जाऊ दिला नाही. त्यात दुष्टपणा नव्हता हो. कागद एकदा परत पाठवला की सुधारून येतो, अशी त्यांची मनापासून श्रद्धा होती. अर्जाला समास दोन बोटं कमी पडला तरी ते लाल शाईनं 'त्रुटी' असं लिहायचे, खाली रेघ मारायचे आणि अर्जदाराकडे मोठ्या मायेनं बघायचे. असा माणूस निवृत्तीनंतर दोन वर्षांनी स्वतःच परीक्षेला बसणार, ही बातमी फुटली तेव्हा गावातल्या पुष्कळ लोकांना फार बरं वाटलं.

परीक्षा इंग्रजीची होती. त्यातही एकाच गोष्टीची. ज्या नामांचं अनेकवचन सरळ मार्गानं होत नाही, अशा चाळीस नामांची.

झालं होतं असं. आडे पतिपत्नींची एकुलती एक मुलगी संगीता पुण्याला नोकरीत. जावई इंद्रजीत यांना कंपनीनं दोन वर्षांसाठी चेन्नईला धाडलं. नात अंजू सहा वर्षांची. ती शाळा सुटली की संध्याकाळी सातपर्यंत पाळणाघरात बसते, हे ऐकल्यापासून हिरासिंगांच्या घशाखाली भाकर उतरेना. इथं चार खोल्यांचं घर, पुढं अंगण, अंगणात पेरूचं झाड. पेरू पिकून खाली पडायचे आणि तिथंच सडायचे, कारण खाणार कोण? त्यांच्या पत्नी सोनीबाई अजूनही दोन भाकरी जास्तीच्या थापायच्या आणि थापून झाल्यावर त्यांच्या लक्षात यायचं. हिरासिंग रोज सकाळी पेपर आणायला म्हणून स्टँडवर जायचे. पेपर घरी यायचा. पण पुण्याची गाडी त्याच वेळेला स्टँडवर लागायची, आणि तिच्यातून उतरणारी माणसं एकदा डोळ्यांखालून घातल्याशिवाय त्यांना चहा गोड लागायचा नाही.

शेवटी त्यांनी एक दिवस फोन लावला आणि सांगून टाकलं की अंजूला दोन वर्षं आमच्यापाशी ठेव, आम्ही सांभाळतो. संगीतानं आधी आईची तब्येत विचारली. मग म्हणाली, 'बघू.' कार्यालयात 'बघू' या शब्दाचा अर्थ काय असतो, हे हिरासिंगांइतकं जिल्ह्यात कोणाला ठाऊक नसेल. पण घरात नियम वेगळे, असं समजून त्यांनी तो होकार धरला.

तुम्हीच पुण्याला का जात नाही, असं लोक विचारत. गेले होते ना. मागच्या वर्षी महिनाभर राहायला म्हणून गेले आणि तेराव्या दिवशी परत आले. सोनीबाईंना अकराव्या मजल्यावर झोप येईना. जमीन कुठं हाय तेच समजत नाही, म्हणायच्या. आणि हिरासिंगांचं सोसायटीच्या पहारेकऱ्याशी वाजलं, कारण त्याच्या नोंदवहीत अनुक्रमांकाचा रकानाच नव्हता.

जावईबापूंची अट एकच. पोरगी इंग्रजी शाळेत गेली पाहिजे. तशी शाळा बायपासला झालेली होती, पिवळ्या बसची. पण त्या शाळेची स्वतःची एक अट निघाली. मूल आईबापांऐवजी दुसऱ्या कोणाकडे राहत असेल, तर सांभाळणाऱ्या दोघांचीही मुलाखत. घरचा अभ्यास घ्यायला माणूस पाहिजे. आधी एका आजोबांनी वर्षभर डायरी न वाचताच रोज सही ठोकली होती म्हणे, सहलीच्या दिवशी पोरगं डबा न घेता आलं आणि सुट्टीच्या दिवशी घेऊन आलं. तेव्हापासून हा नियम. मुख्याध्यापिका मॅडमनी हिरासिंगांच्या हातात प्रवेशाचा फॉर्म दिला, सोबत एक कागद दिला आणि गोड आवाजात सांगितलं, की पहिलीच्या पुस्तकातली ही चाळीस नामं आहेत, यातलंच विचारू, तीन आठवड्यांनी शनिवारी या.

आता हिरासिंगांना इंग्रजी येत नव्हतं असं कोणी म्हणू नये. 'विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टू स्टेट' इथून सुटले की 'डू द नीडफुल' येईपर्यंत ते कुठंही ठेच न लागता जात. पण त्या रस्त्यात उंदीर, दात, हंस, मेंढ्या असं काही लागत नव्हतं. त्यांनी घरी येऊन कागद वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला आणि म्हणाले, "सोने, हे सारे शब्द बिनाशिस्तीचे हायेत."

मग त्यांनी जे केलं ते पंचायत समितीत मुरलेला माणूसच करू जाणे. त्यांनी नस्ती उघडली. कोरी फाइल, वर दोरी, विषय 'इंग्रजी अनेकवचनांबाबत'. आत उद्दिष्ट आणि साध्य यांचा तक्ता. आठवड्याला साडेतेरा शब्दांचं उद्दिष्ट. अर्धा शब्द कसा पाठ करायचा, हा प्रश्न त्यांना पडला नाही, कारण योजना राबवताना असे प्रश्न कधी पडलेले नव्हते. रोज सकाळी ते स्वतःलाच टिपणी सादर करायचे आणि दुपारी जेवण झाल्यावर स्वतःच ती परत पाठवायचे. पहिल्या आठवड्याअखेर साध्य निघालं तीन शब्द. त्यांनी तक्त्यात 'प्रगती समाधानकारक' असं लिहिलं, मग खाजगीत सोनीबाईंना सांगितलं की काही खरं नाही.

त्यांचा सगळ्यात मोठा खटका उडाला तो मेंढीशी. एक असली तरी शीप आणि शंभर असल्या तरी शीप. हिरासिंगांनी पशुगणनेत तीनदा काम केलेलं. नोंदीत नुसतं 'शीप' लिहिलं तर वरून तपासणी आली की काय उत्तर देणार? नव्व्याण्णव कुठं गेल्या म्हणून निलंबन व्हायचं. हरणाचंही तेच, मासळीचंही तेच. बैलाचा शब्द मात्र त्यांना पहिल्या फटक्यात आला. ऑक्स, ऑक्सन. पूर्वजांनी बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर हिंडण्यात हयात घालवली होती, तेव्हा बैल पुष्कळ झाले की त्यांना मानाचा वेगळा शब्द असावा, हे त्यांना अगदी रास्त वाटलं.

रोज संध्याकाळी ते संगीताला फोनवर प्रगती कळवायचे. सातवर आलो, नवावर आलो. ती प्रत्येक वेळी विचारायची, "अजून किती राहिले, बाबा?" आवाज जरा कापरा असायचा. पोरगी उतावीळ झाली आहे, असं वाटून हिरासिंगांना भरून यायचं आणि ते दुप्पट जोरानं कागदाला भिडायचे.

शेजारी सदाशिवराव राहतात, निवृत्त मुख्याध्यापक. त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीवर पद्धत असते. ते म्हणाले, रटून काही होत नाही, जी वस्तू तिच्यावर तिचा शब्द चिकटवा, येताजाता नजर पडली पाहिजे. झालं. दुसऱ्या दिवशी घरभर चिठ्ठ्या लागल्या. सुरीवर चिठ्ठी, फळीवर चिठ्ठी, उंदराच्या पिंजऱ्यावर चिठ्ठी. तुळशीच्या एका पानावर चिकटवली तर सोनीबाईंनी अशी नजर टाकली की ती मुकाट्यानं काढून पेरूच्या पानावर न्यावी लागली. दातांची चिठ्ठी हिरासिंगांनी कवळीच्या डबीवर लावली. आणि 'वाइफ, वाइव्ह्ज' ही चिठ्ठी कुठं लावायची याचा दहा मिनिटं विचार करून दिवाणखान्यातल्या लग्नाच्या फोटोवर, बरोबर सोनीबाईंच्या शेजारच्या मोकळ्या जागेत लावली.

त्याच दिवशी सोनीबाईंचा भाचा लखन तांड्यावरून तूरडाळ घेऊन आला. बारावी झालेला, दोन लेकरांचा बाप, इंग्रजी वाचता येतं. तो खुर्चीवर बसला, पाणी प्यायला, फोटो पाहिला, पुन्हा पाहिला आणि चहा न घेताच निघून गेला. घाईत असेल, असं म्हणून दोघांनी विषय सोडून दिला.

रस्त्यापलीकडे कलीमचं मोटारसायकल दुरुस्तीचं गॅरेज. कलीमनं सांगितलं, "काका, घरात बसून नाही होत. चार लोकांत बोला लागते. इंजिन लोडवर टेस्ट होते." म्हणून हिरासिंग रोज दुपारी गॅरेजात स्टुलावर बसून शब्द म्हणू लागले. कलीम हातात पाना घेऊन कागदावरून तपासायचा, आणि ज्याची गाडी खोलून पडलेली असेल त्या गिऱ्हाइकालाही तेवढं ऐकून घ्यावं लागायचं. यातून एवढंच झालं की मुकुटबनचा एक कापसाचा व्यापारी क्लचची तार बदलायला आला आणि एकवीस अनेकवचनं शिकून गेला. हिरासिंग अकरावरच होते.

अशात शाळेनं एक प्रतिज्ञापत्र मागितलं. नातीचे तात्पुरते पालक म्हणून दोघांच्या नावाचं. हे तर आपलंच घर, अशा रुबाबात हिरासिंग तहसिलीत गेले. तिथं देवीलाल नावाचा कारकून. समितीत उमेदवारीला असताना हिरासिंगांनीच त्याला कागद कसा बघायचा ते शिकवलं होतं. त्यानं उठून नमस्कार केला, खुर्ची दिली, चहा सांगितला आणि कागद बघितला. आधारकार्डावर 'हिरासिंह', पेन्शनच्या पुस्तकावर 'हिरासिंग'. बाईंचं एकीकडे 'सोनीबाई', दुसरीकडे 'सोनाबाई'. देवीलालनं लाल पेन काढलं, 'त्रुटी' लिहिलं, खाली रेघ मारली आणि गुरूकडे मोठ्या मायेनं बघितलं. चहा अर्धा टाकून हिरासिंग घरी आले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. पुढं आणखी चार खेपांनी कागद सुटला, आणि प्रत्येक खेपेला त्यांना जुने अर्जदार एकेक करून आठवू लागले, नावानिशी.

इकडे सोनीबाईंचं वेगळंच चाललं होतं. त्या चौथी शिकलेल्या. मुलाखत दोघांची असली तरी बाईला कोण विचारतं, असं हिरासिंगांनी परस्पर ठरवून टाकलेलं. पण तीन आठवडे घरात सकाळ-संध्याकाळ तेच ते शब्द कानावर पडत होते, आणि सोनीबाईंच्याही पोटात तीच आग होती. अंजू आली पाहिजे. त्यांनी ठरवलं, आपणही शिकायचं. आता त्यांना पाठ करायची एकच रीत माहीत होती. पंधराव्या वर्षी लग्न ठरलं तेव्हा मोठी बहीण जमनीनं तीन महिने समोर बसवून त्यांच्याकडून ढावलो घोटून घेतला होता. बंजारा समाजात मुलगी माहेर सोडताना आईच्या, बहिणीच्या गळ्यात पडून जे रडगाणं म्हणते, तो ढावलो. तेव्हापासून सोनीबाईंना जे म्हणून तोंडपाठ करावं लागलं ते त्यांनी त्याच चालीवर बसवलं. संगीताचा दहा आकडी मोबाइल नंबरसुद्धा त्या तसाच म्हणत.

तर त्या भाकरी थापता थापता सुरू झाल्या. "फूट फीट ये याडीऽ, टूथ टीथ ये याडीऽ." याडी म्हणजे आई. प्रत्येक ओळीच्या शेवटी तो लांब सूर, आणि सुराच्या शेवटी आवाज फुटलाच पाहिजे, नाही तर चाल सुटते. आठवडी बाजाराला आलेल्या तांड्यावरच्या दोन बाया वाटेवरून जात होत्या. त्यांनी खिडकीतून आवाज ऐकला. शब्द काही कळले नाहीत, पण चाल ओळखायला शब्द कशाला लागतात? भरल्या संसारातली सत्तावन्न वर्षांची बाई भर दुपारी ढावलो म्हणते, म्हणजे ती घर सोडून चालली. कशापायी चालली, हे लखननं फोटो पाहून येऊन आधीच तांड्यात सांगितलेलं होतं.

मुलाखतीच्या शनिवारी सकाळी नऊ वाजता हिरासिंग इस्त्रीचा पांढरा सदरा घालून दारात आले, तर अंगणात तांड्याचे नायक रामसिंग, सोबत दोन पंच आणि जमनी. पेरूखाली बसले होते, पागोटी गंभीर. नायकांनी पाणी नाकारलं. म्हणाले, "हिरासिंग, तू शिकेल माणूस. साठीत दुसरी बायको कायले पाह्यजे तुले?"

 हिरासिंगांनी चिठ्ठी दाखवली, कागद दाखवला, नस्ती दाखवली, उद्दिष्ट आणि साध्य यांचा तक्तासुद्धा दाखवला. नायकांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले की तक्ता ठीक आहे, पण एक बायको असताना अनेकीचा शब्द पाठ करायची गरज काय? हिरासिंग नस्ती पुन्हा चाळू लागले. सोनीबाई पोट धरधरून हसत होत्या, पण जमनीला ते हसणं दुःखाचं वाटलं आणि तिनं डोळ्यांना पदर लावला. शाळेची वेळ साडेनऊची. शेवटी असं ठरलं की पंचांनी सोबत येऊन स्वतः खात्री करावी. कलीमकडे दुरुस्तीला आलेला एक टेम्पो होता, तो म्हणाला चला, ट्रायलही होऊन जाईल. आणि अशा रीतीनं हिरासिंग आडे नातीच्या पहिलीच्या प्रवेशासाठी पंचांसकट टेम्पोत उभे राहून गेले. सदऱ्याला ग्रीस लागलं.

मॅडमच्या खोलीत दोघंच आत गेले. बाकीचे दाराबाहेर बाकावर बसले. मॅडमनी कागद पुढं घेतला आणि हिरासिंगांना अगदी सोपा शब्द विचारला. गूस. सकाळी आंघोळीच्या वेळी तो त्यांना येत होता. टेम्पोतही येत होता. आता मॅडमचं तोंड दिसलं, मागं भिंतीवर घड्याळ दिसलं, टेबलावर लाल पेन दिसलं आणि डोकं पार कोरं पडलं. त्यांनी घसा खाकरला. म्हणाले, "विथ ड्यू रिस्पेक्ट, आय बेग टू स्टेट," आणि थांबले. पुढं काही स्टेट करण्यासारखं उरलंच नव्हतं. मॅडमनी माऊस विचारला, टूथ विचारला. चौतीस वर्षं ज्यांनी लोकांना टेबलापुढं ताटकळत उभं ठेवलं, ते खाली मान घालून बसले. त्यांना पाळणाघराचा दरवाजा दिसत होता आणि त्याच्याकडे बघत बसलेली अंजू.

सोनीबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. मग डोक्यावरचा पदर पुढं ओढला, डोळे मिटले आणि सुरू झाल्या. "फूट फीट ये याडीऽ." मॅडम दचकल्या. "टूथ टीथ ये याडीऽ, गूस गीज ये याडीऽ." एकेक शब्द खणखणीत, जागेवर. बाहेर जमनीच्या कानावर ढावलो पडला. ढावलो म्हणणारीला एकटं सोडायचं नाही, ही रीत. ती दार लोटून आत आली, बहिणीच्या गळ्यात पडली आणि हंबरडा फोडून सुरात सूर मिळवू लागली. पाणी घेऊन आलेली शाळेची मावशी दारात उभी राहून डोळे पुसू लागली. बाहेर नायकांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. मॅडम केरळच्या होत्या, घर सोडून त्यांना एकोणीस वर्षं झाली होती. त्यांनी चष्मा काढला. खोलीत उंदीर, मेंढ्या, सुऱ्या, फळ्या, पानं एकामागून एक येत होती आणि सगळे रडत होते.

छत्तिसाव्या शब्दाला सोनीबाईंचा आवाज बंद पडला. विसरल्या नव्हत्या. डोळे उघडून त्यांनी गळ्यातले जमनीचे हात सोडवले.

मॅडम म्हणाल्या पुरे, पुरे. त्यांनी फॉर्मवर सही केली, शिक्का मारला आणि हिरासिंगांच्या पुढं केला. पहिल्या खेपेला मंजूर झालेला कागद हिरासिंगांनी आयुष्यात पहिल्यांदा हातात घेतला.

"मॅडम, राहू द्या," सोनीबाई म्हणाल्या. "पोरीले आमी आणत नाही."

कोणालाच काही समजेना. हिरासिंगांनी बायकोला बाहेर निंबाखाली नेलं. तीन आठवडे, चाळीस शब्द, देवीलालपुढं पाच खेपा, पंचांपुढं बेअब्रू, सदऱ्याला ग्रीस, आणि आता हे. त्यांचा आवाज चढला. काहून, असं त्यांनी तीनदा विचारलं.

सोनीबाई म्हणाल्या, "मी काय म्हणून राह्यली होती ते मलेच ऐकू आलं. मायपासून पोरगी तुटते तवाचं गाणं हाय ते. मी पंधरा वर्साची होती, तरी सहा महिने उशीत तोंड घालून रडली. अंजू सहा वर्साची हाय. आपलं अंगण रिकामं हाय म्हणून तिले तिच्या मायपासून कायले तोडाचं?"

हिरासिंग म्हणाले, अगं पण संगीता हो म्हणाली ना.

"ते 'बघू' म्हणली," सोनीबाई म्हणाल्या. "बघू म्हंजे काय, ते मले सांगाले लावता काय?"

 अजून किती राहिले, बाबा, असं रोज विचारणारा तो कापरा आवाज हिरासिंगांना आत्ता पहिल्यांदा नीट ऐकू आला. त्या पोरीला नाही म्हणता येत नव्हतं, कारण बापानं इतकी हौस धरली होती. आणि हो म्हणवत नव्हतं. ती शब्द मोजत होती. तीन आठवडे आपण तिला आनंदाची बातमी म्हणून जे कळवत होतो, ते ती काळजावर दगड ठेवून ऐकत होती. हिरासिंगांना अंजू हवी होती हो. इतकी हवी होती की रात्री कूस बदलताना तिच्यासाठी जागा सोडून झोपायचे. त्यांनी तो शिक्क्याचा कागद चार घड्या करून खिशात घातला.

मग फोन काढला. आम्हीच नको म्हणतो, असं सांगितलं तर पोरीला वाटायचं आईबापांनी हात झटकले. पास झालो म्हटलं तर तिला पाठवावी लागणार. तिसरा मार्ग एकच होता आणि तो हिरासिंग आडे यांच्या अब्रूवरून जात होता.

"संगीता, नापास झालो," ते म्हणाले. "नाही आले शब्द. शाळेनं नाही म्हटलं."

 संगीता म्हणाली, "बरं झालं." आणि लगेच घाबरून, तसं नाही बाबा, तुमची मेहनत वाया गेली याचं वाईट वाटतं, असं काहीबाही बोलू लागली, आणि बोलता बोलता रडायलाच लागली. त्या रडण्यात तीन आठवडे साठवलेलं होतं. शेवटी म्हणाली की ऑफिसात विचारते, दुपारनंतर घरून काम देतात का. इतके दिवस विचारायचा धीर होत नव्हता, आता विचारतेच. हिरासिंग हो हो म्हणत राहिले. फोन ठेवल्यावर त्यांनी नाक शिंकरलं आणि नायकाला सांगितलं की खरी गोष्ट तांड्याबाहेर जाऊ देऊ नका. नायकांनी पागोटं चढवलं, दुसऱ्या बायकोचं प्रकरण निकाली निघाल्याचं जाहीर केलं आणि मग पहिल्यांदा पाणी मागितलं.

महागावात मात्र बातमी तीच गेली जी हिरासिंगांनी दिली होती. आडे साहेब पहिलीच्या परीक्षेत नापास. देवीलाल घरी येऊन धीर देऊन गेला. सदाशिवराव म्हणाले, चिठ्ठ्या जरा वर लागल्या होत्या, नजरेच्या रेषेत पाहिजेत. हिरासिंगांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. एका जुन्या अर्जदारानं तर स्टँडवर सर्वांदेखत त्यांना चहा पाजला. तो त्यांनी पूर्ण प्यायला. संगीताला ऑफिसनं दुपारनंतर घरून काम दिलं आणि अंजूचं पाळणाघर सुटलं, त्यामुळे हे सगळं त्यांना फारसं जड गेलं नाही. घर मात्र तसंच होतं. पेरू पडायचे, भाकरी उरायच्या.

पण रविवारचं एक बदललं. आधी रविवारी व्हिडिओवर फोन यायचा तो चार मिनिटांचा. हाय नाना, हाय नानी, की अंजू फोन उताणा टाकून पळायची आणि हे दोघं पुण्याचा छताचा पंखा बघत बसायचे. आता तिच्या आईनं तिला सांगितलं होतं की नाना इंग्रजीत नापास झाले. अंजूला त्यांची फार दया आली. तिनं जाहीर केलं की नानांना मी शिकवणार, दर रविवारी अकरा वाजता.

तेव्हापासून हिरासिंग रविवारी इस्त्रीचा सदरा घालून फोनपुढं बसतात. अंजू छातीशी पट्टी धरून विचारते, "नाना, वन माऊस, टू?" हिरासिंग डोकं खाजवतात, छताकडे बघतात, पुष्कळ वेळ घेतात आणि म्हणतात, "माऊसेस." ती हसून हसून लोळते. मग समजावून सांगते, चित्र काढून दाखवते, पाच वेळा म्हणवून घेते. ते पाचव्या वेळी पुन्हा चुकतात. मागच्या रविवारी चाळीस मिनिटं झाली. एकदा सोनीबाईंना राहवलं नाही आणि त्यांनी मधेच बरोबर उत्तर सांगून टाकलं, तर तास लवकर सुटला. हिरासिंग त्या दिवशी जेवणापर्यंत सोनीबाईंशी बोलले नाहीत.

सहा महिन्यांत अकरा शब्द झाले आहेत. आमचे नाना पहिलीत आहेत आणि थोडे हळू आहेत, असं अंजूनं वर्गात सांगितलं आहे. परवा फोन बंद झाल्यावर सोनीबाई म्हणाल्या, "अवो, हळूहळू केलं तरी एक दिवस चाळीसही होतीन. मंग?"

"मंग पहिल्यापासून विसरतो," हिरासिंग म्हणाले.